दुपारी पावणेदोनला पासवर्ड कोणी बदलला

आधीच सांगून टाकतो, भूत, पिशाच्च, आत्मा, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बायको गेली आणि म्हातारा भ्रमिष्ट झाला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे लोक सांगायचे, बॉयलरच्या मागे पांढऱ्या साडीतली बाई दिसते. मी मुद्दाम तिथेच बिडी ओढायला जायचो. बाई सोडा, साडीचा काठ पण दिसला नाही कधी.

हे देवाचं, दृष्टीचं, मीठ-मोहऱ्या ओवाळायचं खातं बायकोकडे होतं. ती करायची, मी हसायचो. एकोणचाळीस वर्षं असंच चाललं. मागच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली आणि बाराव्या दिवशी ती गेली. आता हसायला पण कोणी नाही.

माझं शिक्षण चौथी. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर संपादकांनी नीट कराव्यात, पण मजकुराला हात लावू नये. घडलं तसंच लिहितोय. यंदाची, म्हणजे नव्व्याण्णव सालची गोष्ट आहे.

माझी सून कल्पना ठाण्याला नौपाड्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. पहिला मजला, खाली वह्या-पुस्तकांचं दुकान. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलं, आतल्या खोलीत एसी आणि एक मोठी मशीन. या मशीनवरून आसपासच्या कारखान्यांची टपालं परदेशी जातात आणि तिथली इकडे येतात. कागद नाही, पाकीट नाही... ईमेल म्हणतात. आता वाचकांना ठाऊक असेल, मला तेव्हा नव्हतं.

त्या मशीनवर जी सिस्टिम आहे ती कल्पनाने स्वतः टाकलेली. ती कुठल्या कंपनीची नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणीही फुकट घ्यावी, कोणीही उघडून आत काय लिहिलंय ते वाचावं. मालक नाईक साहेबांना तेच पटायचं नाही. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. सिस्टिम टाकली त्या दिवशी मी आणि बायको डबा घेऊन तिथे गेलेलो. साहेब म्हणाले, "कल्पना, आत काय आहे ते सगळ्या जगाला दिसतं म्हणतेस. मग चोराला नाही दिसणार?"

कल्पना म्हणाली, "दिसणार की साहेब. पण आमच्या चाळीत बघा, सगळ्यांची दारं दिवसभर उघडी. नवा माणूस जिन्यात दिसला तर चार बायका विचारतात, कोण पाहिजे? बंगल्यात चोर शिरला तर आठवडाभर कोणाला पत्ता लागत नाही."

"आणि वॉरंटी? बिघडलं तर जबाबदार कोण?"

यावर आमची बाई, तिला एक अक्षर कळलेलं नसताना, डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मी बसते की हितं. माझ्या देखत कोण हात लावतो ते बघू."

साहेबांना पण हसू आलं. त्यानंतर ती खरंच अधूनमधून जाऊन बसायची. खरं कारण एसी. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी जीव जायचा. मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून लसूण सोलत बसायची. साहेबांना कुठून वास येतोय ते कळायचं नाही.

सासू-सुनेचं जमायचं असं लिहिलं तर कमीच होईल. कल्पनाने ठाण्याला नोकरी धरू नये असं माझं आणि विलासचं, म्हणजे माझ्या मुलाचं म्हणणं होतं. बायको एकटी उभी राहिली. म्हणाली, "ती जाणार. तुम्हा बापलेकांना भाकरी पाहिजे ना, ती मी थापीन." विषय संपला.

ती गेल्यावर मी घरी एकटा जेवेनासा झालो. कल्पनाने दोन आठवडे बघितलं आणि मग एक दिवस म्हणाली, "अण्णा, चपला घाला. उद्यापासून माझ्याबरोबर ऑफिसला." साहेबांना काय सांगितलं देव जाणे. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत, त्याच खुर्चीत मी बसतो. कोणी विचारलं तर वॉचमन.

आता त्या दिवसाचं सांगतो.

बायकोचं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी कल्पनाने चार दिवस रजा घेतलेली. सगळा स्वयंपाक तिनेच केला, कोणाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी आम्ही ऑफिसला गेलो तर दोन संकटं वाट बघत होती. एक, मशीनच्या पोटातून कर्र कर्र आवाज. जिच्यावर सगळी टपालं साठवतात ती डिस्क मरायला टेकलेली. दुसरं, तिच्या रजेत एक पत्र येऊन पडलेलं. ही फुकटची सिस्टिम वापरणारे जगभरचे लोक एकमेकांना पत्रं टाकतात, अमुक ठिकाणी भोक सापडलंय, हे घ्या ठिगळ. तसं पत्र. टपाल वाटणाऱ्या प्रोग्राममध्येच भोक निघालेलं.

मी विचारलं, "म्हणजे चोर आत येणार?"

"त्या भोकातून आत नाही येता येत अण्णा. पण हात घालून एक फाईल वाचता येते. ती पासवर्डची फाईल. कुलूप फुटत नाही, पण किल्लीचा ठसा घेऊन जाता येतो. मग घरी बसून किल्ली बनवायची."

"मग लाव ठिगळ. बघतेस काय?"

"आधी टेपवर सगळं उतरवून घेते. ही डिस्क अशी कण्हत असताना मी काही उलटंसुलटं करायला गेले आणि ती बंद पडली, तर सगळ्यांची टपालं गेली. टेप संपलीय. स्टेशनाजवळून घेऊन येते."

जाताना तिने मशीन उघडीच ठेवली. म्हणजे मालकाच्या नावाने आत शिरलेली, तशीच. मालक म्हणजे नाईक साहेब नाही, ज्याला मशीनमध्ये सगळं करायची मुभा असते ते नाव. म्हणाली, "तुम्ही बसलाय ना? येतेच मी. दाराला आतून कडी लावून घ्या."

कडी मी लावली. भाकरी आणि भेंडीची भाजी होती, ती खाल्ली. बाहेर कोणी नव्हतं, साहेब मुंबईला गेलेले. खुर्चीत बसलो आणि एसीच्या गारव्यात माझा डोळा लागला.

दार वाजलं तेव्हा जागा झालो. सव्वादोन वाजलेले. मीच उठून कडी काढली. हे नीट लक्षात ठेवा, कडी जशीच्या तशी आतून लागलेली होती.

कल्पना आत आली, पडद्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली टेपची पिशवी खाली पडली.

"अण्णा, मशीनला हात लावलात?"

"मी? कशाला?"

पडद्यावर सगळं बंद. फक्त नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ. आणि तिच्या वर तीन ओळी आपोआप उमटलेल्या. तिने वाचून सांगितलं. एक वाजून बावन्न मिनिटांनी कोणीतरी बाहेरून, कुठल्यातरी लांबच्या देशातून, मालकाचं नाव सांगून आत यायला बघत होतं. तीन वेळा. तिन्ही वेळा पासवर्ड चुकला.

तिने आधी काय केलं असेल तर मागची वायर खेचून काढली. जगाशी संबंध तोडला. मग आपला पासवर्ड टाकला. चुकला. परत टाकला. चुकला.

"असं कसं होईल? हाच आहे."

"काय आहे?"

ती मान खाली घालून म्हणाली, "आईंचं नाव. त्या गेल्यावर मी बदलून तेच टाकलं. रोज सकाळी आल्यावर पहिलं त्यांचं नाव लिहायचं, मग कामाला लागायचं... बरं वाटायचं. चूक झाली अण्णा. या चोरांकडे नावांच्या याद्या असतात. हजारो नावं, एक एक करून लावून बघतात. सुमन त्यात असणारच. मी लोकांना शिकवते की घरच्यांचं नाव ठेवू नका, आणि स्वतः..."

मी तिला काय नावं ठेवणार? मी पण बायकोची चोळी उशाशी घेऊन झोपतो.

"मग चोराने बदलला असेल पासवर्ड," मी म्हटलं.

"चोर आत आलाच नाही. त्याचा चुकला. म्हणजे तो यायच्या आधीच बदललेला होता. आणि मी उघड्या ठेवलेल्या या मशीनला कुलूप कोणी लावलं? हे सगळं इथे, या कीबोर्डसमोर बसूनच करावं लागतं." तिने माझ्याकडे बघितलं. "अण्णा, खरं सांगा. मी रागावणार नाही."

मला संताप आला. म्हटलं, "मला इंग्रजीतला ए कुठला ते कळत नाही. मी काय बदलणार, तुझं कपाळ?"

तिला ते पटत होतं, तीच तर पंचाईत. चुकून हात पडून हे होत नाही म्हणे. आधी हुकूम लिहावा लागतो, मग नवा शब्द लिहायचा, मग तोच शब्द परत, अक्षर न चुकता. त्यानंतर कुलूप लावून बाहेर पडायचा वेगळा हुकूम.

तेवढ्यात फोन वाजला. नाईक साहेब. फोनमधला आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. "डोंबिवलीचे दोन कारखानेवाले ओरडतायत, त्यांची टपालं अडकलीत. कल्पना, पुरे झाला हा फुकटचा खेळ. मी दुसऱ्या पार्टीचा माणूस घेऊन पाच वाजता येतोय. सगळं पुसून त्यांची विकतची सिस्टिम टाकू. तुझं काय करायचं ते नंतर बघू."

फोन ठेवला. कर्र कर्र वाढलेलं.

"पुसलं की काय होईल?" मी विचारलं.

"सकाळपासूनची टपालं आत आहेत, ती जातील. आणि माझी नोकरी. मशीन बंद करून दुसऱ्या रस्त्याने आत शिरता येतं, अण्णा. पण ही डिस्क एकदा फिरायची थांबली तर परत फिरणार नाही. आवाज ऐका ना. बंद न करता आत जायला पाहिजे, नाहीतर संपलं."

मग ती एक एक नाव टाकत बसली. विलास. गणपतीचं नाव. आमच्या चाळीचं नाव. माझं. सगळी चुकली. तीन वाजून गेले. अचानक म्हणाली, "अण्णा, आईंचं माहेरचं नाव काय होतं?"

"लीला. लग्नात तांदळात अंगठीने सुमन लिहिलं मी."

लीला टाकलं. चुकलं.

"अजून काही? लहानपणचं? लाडाचं?"

मी म्हटलं, "नाही."

म्हटलं खरं, पण माझा चेहरा मला दगा देतो. बायको पण हेच म्हणायची. कल्पना माझ्याकडे बघत राहिली. "आहे ना? अण्णा, आहे ना एक?"

मी उठून गॅलरीत गेलो.

आता इथे मला थोडं मागचं सांगायला पाहिजे. आमची पहिली मुलगी तीन दिवसांची होऊन गेली. नंतर विलास झाला. तेव्हा बायको मला म्हणाली, याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवू, कोणीतरी उचलून आणेल, तिच्या पदरात मूठभर बाजरी घालून आपण परत घेऊ. नाव पण तसंच ठेवू, ओंगळ. म्हणजे याच्याकडे कोणाची नजर जाणार नाही, मरणाची पण नाही. मी म्हटलं, हे कसलं खूळ? तेव्हा तिने सांगितलं. तिच्याआधीची चार भावंडं गेलेली. ती झाल्यावर तिच्या आजीने तिला असंच उकिरड्यावर ठेवलं आणि नाव ठेवलं उकिरडी. शाळेत घालताना मामाने लीला लिहिलं. जुन्या माणसांशिवाय कोणाला ते माहीत नव्हतं.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी पोराच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली की हे नाव मी कधीच कोणाला सांगणार नाही. ती मेल्यावर सुद्धा नाही. आणि मी पाळली ती शपथ. भांडणात कितीदा जिभेवर आलं, पण गिळलं. तिच्या माहेरचं जुनं माणूस आता एक उरलेलं नाही. जगात ते नाव फक्त माझ्याकडे होतं.

विश्वास नाही म्हणतो मी. पण पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ... ती मोडायची माझी छाती नव्हती. आणि आत त्याच पोराची बायको नोकरी जाणार म्हणून रडत होती. आवाज न करता, तिच्या सासूसारखी.

गॅलरीत उभं राहून मी खालच्या रिक्षांकडे बघत म्हटलं, "ऐक. तुझ्या पोरीसाठी सांगतोय. मला काय करायचं ते नंतर कर, विलासला काही करू नकोस." बाजूच्या गॅलरीतला माणूस माझ्याकडे बघायला लागला. बघ म्हटलं.

आत गेलो. "लिही. उकिरडी."

"काय?"

"उकिरडी. उकिरडा असतो ना, कचऱ्याचा, त्यावरून. तुझ्या सासूचं पाळण्यातलं नाव. हसलीस तर याद राख."

ती हसली नाही. हळूहळू टाइप केलं. एंटर मारलं.

उघडलं.

मग डिस्क परत कण्हली आणि कल्पना भानावर आली. टेप घातली, सगळं उतरवायला लावलं. ते होईपर्यंत तिने मशीनची स्वतःची नोंदवही काढली. तिच्यात लिहिलेलं वाचून दाखवलं. एक वाजून पंचेचाळीस मिनिटांनी मालकाचा पासवर्ड बदलला. इथूनच, याच कीबोर्डवरून. लगेच मशीनला कुलूप लावलं. चोर आला तो त्यानंतर सात मिनिटांनी. त्याच्याकडची किल्ली बरोबरच असणार, पण कुलूपच बदललेलं.

"सात मिनिटं उशीर झाला असता तर?" मी विचारलं.

"सगळं त्याचं झालं असतं."

टेप भरली, भोकाला ठिगळ लागलं, वायर जोडली, टपालं सुटली. साहेब पाच वाजता माणूस घेऊन आले तेव्हा आम्ही चहा पीत होतो. कल्पनाने त्यांना भोकाचं सांगितलं, चोराचं सांगितलं, नवीन डिस्क मागितली. पासवर्ड कोणी बदलला म्हणून त्यांनी विचारलं तर मी म्हटलं, घरच्याच माणसाने. ते समजले, कल्पनाने. त्या दुसऱ्या पार्टीच्या माणसाला पण चहा दिला आणि वाटेला लावला.

निघताना कल्पना चाचरत म्हणाली, "अण्णा, हा पासवर्ड मला बदलावा लागेल. आता दोघांना माहीत झालाय, आणि नियम म्हणजे नियम. तुम्हाला वाईट वाटेल..."

"बदल," मी म्हटलं. "तिला ते नाव आवडायचं नाही कधीच."

विलासला काही झालं नाही. ठणठणीत आहे. आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. आता इथे वाचेल.

मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. मी झोपेत केलं म्हणावं, तर कल्पनाने नंतर मला कीबोर्डसमोर बसवून तो शब्द लिहायला सांगितला. पहिलं अक्षर शोधतानाच मी हरलो. कल्पनाने केलं म्हणावं, तर तिला नावच माहीत नव्हतं. बाहेरून कोणी आलं म्हणावं, तर कडी आतून. आणि बायकोने केलं म्हणावं, तर ती दुसरी शिकलेली, मराठीत सही करताना जीभ बाहेर यायची तिची. इंग्रजी कुठून आणलं? कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. मला काही सुचलेलं नाही.

एवढंच आहे की माझा तिच्यावर राग आहे. ती आली असेल तर मी तिथेच होतो. तीन फुटांवर, तिच्याच खुर्चीत, घोरत. एकोणचाळीस वर्षं तिने मला हाक मारून कधी उठवलं नाही, पायाचा अंगठा ओढून उठवायची. त्या दिवशी घाई होती, मला कळतं. चोर यायचा होता. पण काम झाल्यावर एकदा ओढायचा ना अंगठा. सात मिनिटं होती की हातात.

आता मी रोज दुपारी जेवण झालं की त्याच खोलीत, चपला काढून, पाय पुढे पसरून झोपतो. एसी लागतो म्हणून कल्पना पायांवर टॉवेल टाकायला येते. तिला सांगून ठेवलंय... अंगठे उघडे ठेव.